हमी कोणाला हवी?

डोंबिवलीत एखादं जुनं हॉटेल बंद पडलं आणि त्याच गाळ्यात पिझ्झा-बर्गरच्या चेनची पाटी लागली, की काही माणसांना आनंद होतो. होऊ द्यावा. पण त्या आनंदाचं तत्त्वज्ञान करून ते भेटेल त्याच्या गळी उतरवणारे एक अभ्यासू गृहस्थ आमच्या भागात आहेत, आणि त्यांचं ऐकून माना डोलवणारे वाढत चालले आहेत. म्हणून हा प्रपंच.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. चेनमध्ये चव सगळीकडे एकच असते. स्वच्छता असते. पक्कं बिल मिळतं. पोरांना नोकऱ्या मिळतात. जुनी हॉटेलं लोकांनी नाकारली, म्हणून ती बंद पडली. आणि तुम्ही जे गळे काढता ते मिसळीसाठी नाही, स्वतःच्या गेलेल्या तारुण्यासाठी. हे शेवटचं वाक्य हमखास टाळी घेतं, त्यामुळे ते कधी गाळलं जात नाही. रविवारचे वडे गृहस्थ स्वतः कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणतात, तेवढं मात्र या सिद्धान्तात कुठे बसत नाही.

एकच चव हा त्यांचा लाडका मुद्दा. माझाही लाडका, म्हणून आधी तोच घेऊ.

नाशिकला खा नाहीतर नागपूरला, बर्गर तोच. कबूल. पण ही सोय मुळात निघाली कोणासाठी? कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली आपलं चालतं हॉटेल काही काळ बंद ठेवलं, भटारखाना नव्याने मांडला, पदार्थ मोजकेच ठेवले आणि प्रत्येक माणसाला एकेक काम नेमून दिलं. १९५५ साली रे क्रॉक यांनी शिकागोजवळच्या डेस प्लेन्समध्ये त्याच पद्धतीचं दुकान काढलं आणि पुढे ती रीत देशभर नेली. तो देश मोटारीने हिंडणारा. परक्या गावात शिरलेल्या माणसाला कुठे काय मिळेल याचा पत्ता नसायचा. लांबून ओळखीची कमान दिसली की जीव भांड्यात पडायचा. म्हणजे एकाच चवीची हमी होती ती वाटसरूला.

डेस प्लेन्स हेही उपनगरच होतं, असं गृहस्थ लगेच म्हणतील. म्हणू देत. तिथला माणूस घराच्या दारात मोटारीत बसतो आणि दुकानाच्या दारात उतरतो. आमचा माणूस संध्याकाळच्या लोकलमधून अंग चोरून उतरतो, पुलावरच्या गर्दीबरोबर पुढे सरकतो आणि चालत घरी जातो. रोज त्याच वाटेने, निवृत्त होईपर्यंत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरच्या फूडमॉलमध्ये मीही ओळखीची पाटीच शोधतो, कारण तिथे मी परका असतो आणि विकणाऱ्याला माझं तोंड पुन्हा दिसणार नसतं. डोंबिवली पूर्वेच्या वडेवाल्याला ते उद्याच दिसणार असतं. त्याने तेल बदललं नाही, तर माझी तक्रार टोल-फ्री क्रमांकावर जात नाही. ती गल्ल्यावर जाते, चार गिऱ्हाइकांच्या देखत. यापेक्षा कडक तपासनीस कोणत्या कंपनीने नेमला आहे?

आणि एकच चव ही काय चेनचीच मक्तेदारी? ठाण्याला मामलेदार कचेरीजवळ जी मिसळ मिळते, तिला कचेरीचंच नाव पडलं. पिढ्या उलटल्या, तरी लोक तिथे त्याच तिखटाच्या आशेने जातात. तिच्या आता शाखा निघाल्या, हे गृहस्थ विजयी मुद्रेने सांगतात. शाखा काढणं हा गुन्हा असल्याचं मी कधी म्हटलं? माझा प्रश्न वेगळा आहे: चव कोणाच्या हातात राहते?

वड्याचंच बघा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेरच्या एका गाडीवर वडा पावात शिरला, असं सांगितलं जातं. २००१ मध्ये मालाडला आणि २००४ मध्ये आमच्या शेजारच्या कल्याणला वडापावच्या चेन निघाल्या. कल्याणच्या चेनने वडा कारखान्यात यंत्रावर घडवायचा, गोठवून दुकानांत पाठवायचा, अशी पद्धत बसवली. दुकानात उरलं ते तळणं. धंद्याच्या हिशेबाने हे हुशारीचं आहे, आणि ती हुशारी मराठी मुलखात झाली याचा हवा तर अभिमानही बाळगा. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. वडा करता येणारा माणूस आता दुकानाला लागतच नाही. ही एकच चव कसब वाढवून आलेली नाही, कसबाची गरजच काढून टाकून आलेली आहे. ठाण्यात वड्याबरोबर बेसनाची पिवळी चटणी देणारा एक प्रसिद्ध वडेवाला आहे. लसणाची लाल चटणी सर्वमान्य असताना ही पिवळी कल्पना घेऊन तो एखाद्या मुख्य कचेरीत गेला असता, तर त्याला आधी बाजार-पाहणीचा अहवाल मागितला असता.

याच मुद्द्याचं आणखी एक शेपूट. डोंबिवलीने खाण्यापिण्याच्या धंद्यात काय भर घातली, असं कोणी विचारलं तर मी पोळी-भाजी केंद्राचं नाव घेईन. नोकरी करणाऱ्या बाया अंधार पडल्यावर लोकलमधून उतरणार, घरी पोरं आणि सासू-सासरे वाट बघत असणार. ती नड ओळखून कुणीतरी पोळ्या लाटायला बसलं, आणि बघता बघता गल्लोगल्ली केंद्रं झाली. अंगारकीला तिथे साबुदाण्याची खिचडी असते, गणपतीला उकडीच्या मोदकांची आगाऊ नोंदणी चालते, पितृपक्षात मागणी वेगळीच. फोडणीत लसूण नको म्हटलं तर लसूण पडत नाही. ही यादी लांबच्या कचेरीत बसून कोण ठरवणार? तिथून येतो तो नवरात्रातला एखादा उपवासाचा पदार्थ, आणि तोही मर्यादित काळाची ऑफर म्हणून.

आता बाकीचे मुद्दे. त्यांना फार वेळ लागत नाही.

स्वच्छता. चेनचं स्वच्छतागृह चांगलं असतं, त्याबद्दल धन्यवाद. पण अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा चेनला एक आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलाला दुसरा असा नाही. नोंदणी गाडीवाल्यालाही सक्तीची आहे. नसेल तर विचारा. विचारायचं नाही आणि नाक मुरडायचं, याला जागरूकता म्हणत नाहीत.

बिल. कराची ओळ नाही म्हणजे करचुकवेगिरी, असं गृहस्थ धरून चालतात. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या हॉटेलाला जीएसटीची कंपोझिशन योजना घेता येते. ती घेतली की कर मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायला बंदी. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये हॉटेलांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा मूळ किमती वाढवून ठेवल्याबद्दल नफेखोरीविरोधी प्राधिकरणाने आदेश काढले, ते बड्या चेनचालकांविरुद्ध. प्रकरणं पुढे न्यायालयात गेली. पण पक्क्या बिलाची टिमकी जरा हळू वाजवावी.

नोकऱ्या. इथे एक जुना वाद उकरावा लागेल. एके काळी याच उपनगरांत उडपी हॉटेलं म्हणजे परक्यांचं आक्रमण, असं सांगत फिरणारे होते. आज त्यांच्यातलेच काही जण चेनला प्रगती म्हणतात. त्या वेळी जोडीला दुसरं रडगाणं असे, मराठी माणसाला हॉटेल जमत नाही. जमतं कसं, हे शेजारच्या टेबलावर फडका मारणाऱ्या पोराकडे बघितलं असतं तर कळलं असतं. दक्षिण कानडातून आलेली पोरं दिवसा हॉटेलात राबत आणि रात्री मुंबईतल्या कन्नड रात्रशाळांत शिकत. त्यांतली कितीतरी पुढे गल्ल्यावर बसली. माटुंग्याला १९४२ साली रामा नायक यांनी खानावळ काढली, तीही अशाच उमेदवारीनंतर. कोवळ्या वयात राबवणं वाईटच, त्याची भलामण मी करत नाही. पण त्या धंद्यात फडक्यापासून गल्ल्यापर्यंत वाट होती. चेनच्या काउंटरवर टोपी घालून उभ्या असलेल्या मुलाला मॅनेजर होता येईल. फ्रँचायझी घ्यायला मात्र भांडवल लागतं, कसब नव्हे.

लोकांनी नाकारली म्हणून हॉटेलं बंद पडली, हे तर धादांत खोटं. बंद पडलेल्यांतली कितीतरी हॉटेलं शेवटच्या दिवशीही भरलेली होती. त्यांना गिऱ्हाइकाने मारलं नाही, पुनर्विकासाने मारलं. जुना भाडेकरू असेल तर नव्या इमारतीत त्याला जागा मिळते. पण इमारत उभी राहीपर्यंतची वर्षं भट्टी पेटवायची कुठे? आचारी तोवर थांबतो? लिव्ह अँड लायसन्सवर असलेल्याला तर तेवढाही हक्क नाही. टॉवर उभा राहतो, दर्शनी गाळा मोठा होतो, आणि त्याचं भाडं वडा-उसळीतून निघत नाही. ते ज्याला परवडतं तो येतो. याला गृहस्थ लोकांची पसंती म्हणतात.

मग आमचं म्हणणं काय? फार मोठं नाही. चेन बंद करा, असं मी म्हणत नाही. वाढदिवस कुठे करायचा हे पोरांना ठरवू दे. एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपनीला भाडेकरू म्हणून संरक्षण नको, इतकी समज १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दाखवली आहे. छोटा आणि मोठा सारखा नाही, हे कायद्याला कळतं. सोसायट्यांनाही कळावं. पुनर्विकासात तळमजल्याला दोन-तीन छोटे गाळे राखा, बांधकामाच्या काळात हॉटेलवाल्याला जवळपास तात्पुरती जागा मिळेल अशी अट घाला. आणि गिऱ्हाइकांनी ओळखीचा संकोच सोडून शिळ्या तेलाबद्दल तोंडावर बोलावं. आमच्या हमीचा सगळा भार या बोलण्यावर आहे. ते थांबलं तर गृहस्थ खरे ठरतील.

हे गृहस्थ स्वतः त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीवर आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत विकासकाचा आराखडा भिंतीवर पडेल, तेव्हा तळमजल्याचे गाळे किती फुटांचे, हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे. ते विचारणार नाहीत. तुम्ही विचारा.