फुकटची हवा

मंडळी, वेगवान गाड्यांच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास ऐकू येते : "टर्बो घ्या, फुकटात ताकद मिळते!" आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यात गेले. उत्तरात 'फुकट' दिसले की माझे लाल पेन आपोआप उघडते.

सुपरचार्जर काय, टर्बो काय, काम एकच. इंजिनात जास्त हवा कोंबायची, म्हणजे जास्त इंधन जाळता येते. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, टर्बो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. धूर वायाच जाणार होता, म्हणून फुकट, असा हा युक्तिवाद. अहो, पण धुराच्या वाटेत चाक बसवले की धूर अडतो, आणि तो बाहेर ढकलायला पिस्टनला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय ते चाक वेग घेईपर्यंत थांबायचे, ते वेगळेच. १९७५ सालच्या पोर्शे ९११ टर्बोची ख्याती हीच : पाय दाबला तर आधी काही नाही, आणि मग एकदम धक्का. भर वळणात तो बसला म्हणजे संपलेच!

सुपरचार्जरही काही साधुसंत नव्हे. २०१५ सालच्या डॉज चॅलेंजर हेलकॅटची ताकद ७०७ अश्वशक्ती, पण तिचा सुपरचार्जर फिरवायलाच सुमारे ८० अश्वशक्ती लागते. मात्र हा गडी रोख मोजतो आणि पाय दाबताक्षणी माल हातात देतो.

कारखान्यातच टर्बोसाठी घडवलेले इंजिन असेल, तर माझेही मत टर्बोलाच. आता तो उशीरही पुष्कळ कमी झाला आहे. माझे भांडण आहे ते साध्या इंजिनावर मागाहून टर्बो चढवणाऱ्या हौशी वीरांशी. आमच्या घरातलेही एक रत्न अमेरिकेत मस्टँगच्या व्ही-८ वर हाच प्रयोग करायला निघाले आहे. बाळा, टर्बोसाठी धुराचे नळ बदलावे लागतील, तेलाची वाट काढावी लागेल, बॉनेटखालची उष्णता सांभाळावी लागेल. सुपरचार्जर इंजिनाच्या डोक्यावर बसतो, धुराच्या नळांना हात लावावा लागत नाही. बसवायचाच तर तो बसव. आणि दोन्हींत इंधन व ठिणगीचे गणित नव्याने जुळवले नाहीस, तर इंजिन ठोके देऊ लागेल आणि पिस्टन फुटेल. त्याचे बिल तुझ्याच नावावर येईल.

असो. ज्यांना अजूनही 'फुकट' म्हणायचे असेल, त्यांनी पूर्ण हिशेब मांडून दाखवावा. पायऱ्या गाळू नयेत.