भाजी निवडणारे बाबा

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा शेजारी बसून भाजी निवडत असल्याचे चित्र आले. कपड्यांना इस्त्री करणारा पुरुष आणि वाहतूक पोलीस असलेली स्त्रीही त्या पुस्तकात होती. हा बदल स्वागतार्हच होता. परंतु सात वर्षांचे मूल ते पुस्तक उघडते तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो.

आपण मुलगा की मुलगी, हे मूल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सांगू लागते. पुढे ते केवळ अनुकरण करीत नाही. या शब्दांचा अर्थ काय, याचे नियम ते स्वतः शोधू लागते. रडल्याबद्दल कुणाला हिणवले जाते, पाणी आणण्यासाठी कुणाला हाक मारली जाते, यातून त्याला ते सापडतात. अमेरिकेतील एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील पाच वर्षांच्या मुली मुलांइतक्याच विश्वासाने स्वजातीला अतिशय बुद्धिमान मानीत. सहा-सात वर्षांच्या मुलींचा तो विश्वास ओसरलेला दिसला. शाळेत अधिक गुण मुलींनाच मिळतात, हे ठाऊक असूनही!

मग शाळेने काहीच करू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. हरियाणातील सरकारी शाळांत २०१४ पासून सुमारे अडीच वर्षे किशोरवयीन विद्यार्थ्यांशी स्त्री-पुरुष समतेवर नियमित चर्चा घडविण्यात आल्या. मुलगे व मुली दोघांचेही विचार बदलले. आपण घरकामात अधिक हातभार लावतो, असे मुलगे सांगू लागले. मुलींच्या वागण्यात मात्र तेवढा फरक पडला नाही. पडणार कसा? विचार तिचे असले तरी घराचे दार तिच्या हाती नव्हते.

देशाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री दिवसाला २९९ मिनिटे त्यात घालवीत होती. घरकाम करणारा पुरुष ९७. पुरुषांपैकी बहुसंख्य तर त्या हिशेबातच नव्हते. हा आकडा व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. आमच्या कार्यकर्त्यांच्या घरी बैठका होतात, समतेवर तावातावाने वाद होतात. मुलगा वडिलांच्या शेजारी बसून ते ऐकतो आणि मुलगी कपबश्या गोळा करते. तिला उठण्यास कुणी सांगितलेलेही नसते. पुढच्या बैठकीस कपबश्या वडिलांनी उचलाव्यात, आणि मुलीला तिच्या जागी बसू द्यावे.