सांगोल्याचे आबा

1962 ते 2014 या काळात गणपतराव देशमुख ऊर्फ आबा सांगोल्यातून 11 वेळा आमदार झाले. महाराष्ट्रात हा विक्रमच. तोही एकाच मतदारसंघातून आणि शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) न सोडता. राज्यभर शेकाप आटत गेला, पण सांगोल्यात आबा टिकले.

त्यांना अजिंक्य म्हणणे मात्र सोपा गौरव ठरेल. 1972 मध्ये ते हरले आणि दोन वर्षांत पोटनिवडणुकीतून परतले. 1995 मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी पाडले. म्हणजे दुष्काळी तालुक्यातला मतदार भाबडा भक्त नव्हता, हिशेब मागणारा होता.

1978 आणि 1999 मध्ये आबांना मंत्रिपदही मिळाले. तरी लोकांना आठवतो तो एसटीने प्रवास करणारा आमदार. साधेपणाचे हे कौतुक जरा जास्तच होते. पाण्यासाठीचा पाठपुरावा आणि सहकारी सूतगिरणी ही खरी कमाई.

2019 मध्ये आबा रिंगणाबाहेर राहिले. नातू अनिकेत यांना शहाजीबापूंनी थोडक्यात हरवले. 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब शेकापकडूनच जिंकले. घराणेशाहीचा प्रश्न इथेही विचारायलाच हवा.