पित्ताची पिशवी काढण्याआधी इओसिनोफिल पाहा

"डॉक्टरसाहेब, पित्ताशयाला सूज आहे, ऑपरेशन सांगितलंय," असं म्हणत रुग्ण सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करतात. खडे दिसत असतील आणि दुखणं त्याच जागी असेल, तर सर्जनचा सल्ला बहुधा योग्यच असतो. माझा प्रश्न आहे तो खडे न दिसलेल्या रुग्णांबद्दल.

अशा वेळी मी फाइलमधला सीबीसी पुन्हा उघडतो. त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचं प्रमाण साधारण १ ते ६ टक्के असतं. ते २०-३० टक्क्यांवर गेलं असेल, तर नुसत्या पित्ताशयाच्या सुजेवर बोट ठेवून चालत नाही. दमा, ॲलर्जी, एखादं औषध किंवा जंत यांचा विचार करावाच लागतो.

त्यातला एक जंत म्हणजे लिव्हर फ्लूक. गुरं, शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना तो माहीत असतो. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात, पिल्लं गोगलगायीत वाढतात आणि मग पाणवनस्पतींना चिकटून बसतात. ती वनस्पती कच्ची खाल्ली किंवा तसलं पाणी प्यायलं, की जंत माणसाच्या यकृतात शिरतो. आधी ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. पुढे पानासारखे चपटे जंत पित्तनलिकेत अडकले, की कावीळ. चित्र हुबेहूब खड्यांसारखं!

माणसांत हा आजार आपल्याकडे क्वचितच दिसतो. आसाम, बिहारमधून रुग्ण नोंदले गेले आहेत आणि भुसावळ तर रेल्वेचं जंक्शन. 'क्वचित' म्हणून विचारायचंच नाही, हे मला पटत नाही. पिशवी काढली तरी जंत आतच राहतो. नेहमीची अल्बेंडाझोलची गोळी त्यावर भरवशाची नाही. त्याचं औषध ट्रायक्लाबेंडाझोल, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गुरांसाठी आणलेलं औषध स्वतः घेऊ नका. पहिले तीन-चार महिने शौचात अंडी सापडत नाहीत, म्हणून एक तपासणी स्वच्छ आली की विषय संपत नाही. रक्ताची अँटीबॉडी चाचणी आणि सीटी स्कॅन यांची मदत घ्यावी लागते.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांना न संकोचता विचारा, "माझे इओसिनोफिल किती आहेत?" तळ्यातले शिंगाडे दाताने सोलू नका, धुऊन उकडून खा. मात्र थंडी वाजून ताप, कावीळ किंवा असह्य वेदना असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.