आधी अँपिअर मोजा, मग वर्गणी काढा
मोडनिंब परिसरातील पंपधारक शेतकऱ्यांना जाहीर आवाहन

मोडनिंब, अरण, वरवडे, जाधववाडी शिवारात उन्हाचा कडाका वाढला की डीपी जळतो. ऊस, डाळिंब, द्राक्षबाग ऐन गरजेच्या वेळी कोरडी राहते, कुणीतरी वही घेऊन वर्गणीला फिरतो, डीपी ट्रॅक्टरमध्ये घालून न्यायचा, आणायचा, आणि बसवल्यावर काही दिवसांत पुन्हा तोच धूर. हे किती वर्षं चालू द्यायचं? डीपी नशिबाने जळत नाही, अँपिअरने जळतो. आणि अँपिअर मोजता येतात. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध कळतो आणि दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती कळते, हे आपल्या घरातल्या नववी-दहावीच्या पोराच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेलं आहे. ओहमने हा नियम 1827 साली मांडला. पोरगं त्यावर मार्क मिळवतं आणि बाप त्याच हिशेबाअभावी मोटार भरायला पैसे मोजतो, ही आपल्या सगळ्यांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

हिशेब असा. 63 केव्हीएच्या डीपीला एका फेजवर साधारण 84 अँपिअर झेपतात. 5 एचपीची चांगली मोटार 415 व्होल्टला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. थ्री फेजला 1.732 ने गुणायचं आणि पॉवर फॅक्टर 0.8 धरायचा, म्हणजे ती सुमारे 4300 वॅट ओढते. अशा अकरा मोटारी लागल्या की डीपी भरला. आता व्होल्टेज 330 वर उतरलं तर पाणी तेवढंच उपसायला तीच मोटार साडेनऊ अँपिअर ओढते. अकरा मोटारींचे 104 होतात. उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे डीपीच्या वाइंडिंगला दीडपट चटका. त्यात कागदावर 3 एचपी आणि बोअरमध्ये साडेसात एचपी असेल, तर तो चटका शेजाऱ्याच्या बागेला बसतो. हे आम्ही स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल. आणि ऑटो स्विच! मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. लाईट आली की सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात आणि डीपीचा तिथेच निकाल लागतो.

दुसरा चोर म्हणजे रोध. स्टार्टरमधला काळवंडलेला, सैल जोड पाहा. त्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून 10 अँपिअर गेले, तर 5 व्होल्ट तिथेच मेले आणि 50 वॅट उष्णता त्या बोटभर जागेत साठली, सोल्डरिंग आयर्नएवढी. केबलचं प्लास्टिक वितळणार नाही तर काय होईल? विहिरीपासून 300 मीटरवर 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ओढली, की एका तारेचा रोध दीड ओहमच्या घरात जातो. 10 अँपिअरला तीन तारांत मिळून 450 वॅट नुसती माती गरम करतात आणि दोन फेजमधले सुमारे 25 व्होल्ट मोटारीपर्यंत पोचतच नाहीत. 6 चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर ही नासाडी तिसऱ्या हिश्शाने घटते. केबलला चार पैसे वाचवून वाइंडिंगला दरवर्षी घालवणं ही काटकसर नव्हे.

काही जण म्हणतात, साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत आहे, मग मोजायचं कशाला? बळीराजा योजनेत 2024 ते 2029 बिल माफ आहे. जळालेली मोटार आणि वाळलेली बाग माफ नाही. काही म्हणतात, हे महावितरणचं काम. बरोबर, आणि ते करून घ्यायचंच आहे. 415 ला सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे 390 ते 440 व्होल्ट, हा आपला हक्क आहे. पण ‘व्होल्टेज कमी येतं’ एवढ्या अर्जाला कुणी विचारत नाही. तारीख, वेळ, तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेला अर्ज टाळता येत नाही. सोलर येणार म्हणून गप्प बसणाऱ्यांना उत्तर देण्यात वेळ घालवणार नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढं कराच. प्रत्येक डीपीवर एक वही ठेवा. अँपिअर मोजायचा टाँग टेस्टर आमच्या गटाकडे आहे, न्या आणि परत आणा, भाडं नाही. मोजमाप आयटीआय झालेल्या पोराकडून किंवा वायरमनकडूनच करून घ्या. डीपीवर स्वतः कुणीही चढायचं नाही, फ्यूजला जाड तार गुंडाळायची नाही. प्रत्येक मोटारीचा खरा एचपी लिहा, शेजाऱ्यासमोर लिहा. ऑटो काढा. कपॅसिटर बसवा: 5 एचपीला 2 केव्हीएआरचा लावला तर साडेसात अँपिअरचे सव्वासहा होतात, अकरा मोटारींचा भार 69 अँपिअरवर येतो. एवढ्याशा डब्याने जे होतं ते दहा मोर्च्यांनी होत नाही, आणि मोर्चे आम्हीही काढले आहेत. मोटारी पाळीने लावा. अर्थिंगला पाणी घाला. तरीही बेरीज 84 च्या वर गेली तर वाढीव डीपीचा अर्ज आम्ही लिहून देऊ, पोच घेऊ आणि दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापर्यंत तुमच्याबरोबर येऊ. आमच्या गटाने एका पैशाचा हिशेब कधी लपवला नाही, अँपिअरचाही लपवणार नाही. ज्या डीपीची वही भरलेली नसेल, त्या डीपीच्या वर्गणीत यापुढे आमचा गट उतरणार नाही. वही आजच घाला.