मोडीत निघालेला पहिला मान

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरावरून ठाण्याकडे हिंदुस्थानातील उतारूंची पहिली आगगाडी निघाली, हे आमच्या शाळांतील मुलांस मुखोद्गत असते. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी, हा तपशीलही पुष्कळांस सांगता येईल. परंतु ती गाडी ओढणारी साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने आज कोठे आहेत, असे विचारले असता उत्तर एकच: कोठेही नाहीत. ज्यांस पाहावयास देशोदेशींचे लोक आले असते ती तिन्ही आम्ही गमावून बसलो, आणि त्याची फारशी खंतही आम्हांस वाटत नाही.

याउलट बंगालकडे पाहावे. लीड्स येथे १८५५ साली तयार झालेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन त्याच वर्षी कलकत्त्यास उतरले. त्याने ईस्ट इंडियन रेल्वेच्या हलक्या टपालगाड्या ओढल्या, १८५७ च्या उठावात फौजेच्या गाड्या ओढल्या आणि १९०९ साली सेवेतून निवृत्ती घेतली. त्यानंतर कित्येक वर्षे ते हावडा स्थानकाबाहेर नुसते उभे होते. पण कोणी ते मोडीत घातले नाही. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले. १९९७ साली दुरुस्त होऊन दिल्ली व अलवर यांदरम्यान उतारूंची गाडी ओढू लागले. आणि १९९८ साली, नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून ‘गिनेस’च्या ग्रंथात त्याची नोंद झाली. हा विक्रम वेगाचा नव्हे. वेगाचा विक्रम इंग्लंडातील ‘मॅलार्ड’ने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल धावून काही क्षणांत केला. फेअरी क्वीनची धाव ताशी चाळीस किलोमीटरांची. तिचा विक्रम जतनाचा आहे, आणि तो साधावयास दीड शतकाच्या आसपास लागले. मुंबईची इंजिने तिच्याहून दोन वर्षे आधी धावली होती. हा मान त्यांचा होऊ शकत होता. तो आम्ही भंगाराच्या भावाने दवडला.

यावर कित्येक देशाभिमानी गृहस्थ म्हणतील की, ही तर परक्या सत्तेची निशाणी. ती गेली ते बरेच झाले. आम्हांस हे मत मान्य नाही. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकरांनी या उद्योगास आरंभापासून हातभार लावला. १८६३ साली पुरा झालेला बोरघाटाचा मार्ग खोदताना हजारो मजुरांनी प्राण वेचले. भट्टीत कोळसा टाकणारे हात याच मातीतले होते. इंजिन मोडल्याने साहेबाची आठवण पुसली जात नाही. पुसली जाते ती या मजुरांची.

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे, आणि आम्ही धडगावकर असल्यामुळे तो आम्हांस अधिक झोंबतो. सातपुड्यातील अक्राणी तालुक्याचे हे ठाणे. येथे रूळ कधी आलाच नाही. गाडी धरावयाची तर घाट उतरून, तापी ओलांडून, सुरत-भुसावळ मार्गावरील नंदुरबार गाठावे लागते. आक्षेपक म्हणतात, ‘जेथे अद्याप गाडीच गेली नाही तेथील लोकांस काय सांगाल? जुन्या लोखंडावर पैसा का उधळता?’ आमचे नाव पुढे करणाऱ्या या सज्जनांस आमचा उलट सवाल आहे: ती तीन इंजिने गेली, तेव्हा त्यांच्या किमतीतून अक्राणीत एक हात तरी रूळ पडला काय? जतनावरचा खर्च वाचला म्हणून दरिद्र्याच्या पदरी काही पडल्याचे आम्ही पाहिलेले नाही. दरिद्र्याचे नाव घेऊन कंजुषी करणे, ही दोन्हींकडची फसवणूक होय.

जपणे म्हणजे काय, हे आमच्या डोंगरातही शिकता येईल. होळीस येथे मोठे ढोल वाजतात. ढोल खुंटीस टांगून ठेवणे म्हणजे ढोल जपणे, असे येथे कोणी मानणार नाही. आमच्या रेल्वेचे जतन मात्र पुष्कळदा असे खुंटीवरचेच असते. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या मार्गावरील चार छोट्या इंजिनांपैकी एक नेरळ स्थानकात शोभेस उभे आहे. दुसरे सातासमुद्रापलीकडे इंग्लंडात गेले. चौथऱ्यावर चढवून दरसाल रंगाचा हात फिरविला की कर्तव्य संपले, ही समजूत घातक आहे. भट्टी कशी पेटवावी, विस्तव सारखा कसा पसरावा, काचेच्या नळीत पाणी कोठवर असावे, ते उतरले असता बॉयलर फुटण्याचे भय कसे उभे राहते, हे ज्ञान पुस्तकात पुरते मावत नाही. ते हातातून हातात जाते. चालविणारा वृद्ध झाला आणि शिकणारा कोणी नसला, म्हणजे इंजिन उभे असूनही मेले.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. महाराष्ट्रात जी थोडी वाफेची इंजिने उरली आहेत, त्यांपैकी जी चालू शकतील ती चालवावी. जुन्या कारागिरांच्या हाताखाली तरुण ठेवावे. आणि धडगावसारख्या गावांतील मुलांस ती दाखवावयास आणावे. १८५३ चा धडा त्यांच्या पुस्तकात आहेच. त्या धड्यातील वाफ त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढा हक्क रूळ न पोहोचलेल्या गावाचाही आहे.