क्लाउडच्या निविदेत परतीची वाट हवी

डिसेंबर 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला मुंबईत आले होते. त्या कार्यक्रमात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले की नागपुरातल्या 23 पोलीस ठाण्यांत सुरू असलेली ‘महाक्राइमओएस एआय’ ही प्रणाली आता राज्यातल्या सगळ्या, म्हणजे 1,100 ठाण्यांत नेली जाईल. सायबर गुन्ह्याची तक्रार वाचणे, तिच्यातली महत्त्वाची माहिती वेगळी काढणे, तपासाचे टप्पे सुचवणे ही तिची कामे. ‘मार्व्हल’ ही राज्य सरकारची कंपनी 2024 मध्ये नागपुरातच स्थापन झाली. तिने सायबरआय या कंपनीला सोबत घेऊन ही प्रणाली उभी केली. ती चालते मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवर.

आपल्या शहरात हे काम झाले याचा मला मनापासून आनंद आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून आयुष्याची पुंजी लुबाडल्या गेलेल्या निवृत्त माणसांच्या बातम्या आपण रोज वाचतो. तपास अधिकाऱ्याचे चार तास वाचले तर ते पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो क्लाउड घेणाऱ्या प्रत्येक सरकारी कार्यालयाला लागू होतो. राज्याच्या वित्त व लेखा सेवेत माझी सारी नोकरी निविदा आणि देयके तपासण्यात गेली. क्लाउडच्या खरेदीचे नियम गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच सुधारले. पण ती सगळी सुधारणा आत शिरायच्या दारापाशी झाली. बाहेर पडायचे दार अजून कोणी नीट बसवलेले नाही.

पूर्वी संगणकाची खरेदी ही वस्तूची खरेदी होती. निविदा निघायची, तुलनात्मक तक्ता व्हायचा, ज्याचा दर कमी त्याला पुरवठा आदेश जायचा. सर्व्हर खोक्यातून निघाला की जडसंग्रह नोंदवहीत त्याला क्रमांक पडायचा. तपासणीला येणारा माणूस नोंदवहीतला क्रमांक पेटीवरच्या क्रमांकाशी ताडून बघायचा. क्लाउडमध्ये नोंदवहीत चढवायला काहीच नसते. दुसऱ्याच्या इमारतीतले, दुसऱ्याचे यंत्र आपण तासाच्या दराने वापरतो. मोजणीही तोच करतो आणि देयकही तोच पाठवतो.

हा फरक सरकारच्या लक्षात आला नाही असे नाही. केंद्राने 2013 मध्ये ‘मेघराज’ धोरण आणले आणि फेब्रुवारी 2014 मध्ये एनआयसी या केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचा राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. मग इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने खासगी क्लाउड कंपन्यांना सूचीबद्ध करायला घेतले. माहिती भारतातच ठेवायची आणि एसटीक्यूसी या सरकारी तपासणी यंत्रणेकडून तपासणी करून घ्यायची, या त्यातल्या मुख्य अटी. 2016 मध्ये ‘जेम’ हा ऑनलाइन सरकारी बाजार आला. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम 149 ने केंद्राच्या कार्यालयांना तिथूनच खरेदी बंधनकारक केली, आणि दरकरार करणारे जुने डीजीएसअँडडी त्याच वर्षी बंद झाले. महाराष्ट्राची खरेदी नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 ची. जानेवारी 2018 मध्ये राज्याने स्वतःचे पब्लिक क्लाउड धोरण जाहीर केले. प्रत्येक विभागाने आपापले सर्व्हर घेत बसू नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो बरोबरच होता. वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत टेबलपंख्यापुढे ठेवलेले सर्व्हर मी पाहिले आहेत.

पण हे सगळे नियम क्लाउड कोणाकडून घ्यायचा हे सांगतात. घेतल्यानंतर देयक कसे तपासायचे आणि सोडताना काय करायचे, हे ज्याच्या-त्याच्या कार्यालयावर राहते.

एका देयकाची गोष्ट सांगते. एका कार्यालयाने ऑनलाइन अर्ज मागवले होते. मुदत संपली, छाननी झाली, यादी लागली. त्यानंतरच्या एका महिन्याचे क्लाउडचे देयक मंजुरीला आले. बरीच पाने, प्रत्येक पानावर बारीक अक्षरांत ओळी. त्यात प्रत्येक यंत्रापुढे वापराचे तास लिहिलेले होते आणि सगळीकडे एकच आकडा, 744. चोवीस गुणिले एकतीस. म्हणजे एकही यंत्र महिनाभरात एक मिनिटही बंद झाले नव्हते. त्यातली दोन यंत्रे फक्त चाचणीसाठी घेतलेली होती आणि चाचणी कधीच संपली होती. खाली शिक्का होता, ‘सेवा समाधानकारक, देयक अदा करण्यास हरकत नाही’. ज्यांनी सही केली त्यांना ही यंत्रे कशाची ते विचारले, तर त्यांनी क्लाउड पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाला फोन लावला. सही करणारा माणूस अप्रामाणिक नव्हता. ते पान वाचायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते आणि यंत्र बंद करायचा अधिकार नेमका कोणाचा, हे करारात कुठेही लिहिलेले नव्हते.

तुलनात्मक तक्त्यातला खेळ याहून खोल आहे. सर्वांत कमी दरवाल्याला काम द्यायचे, ही आपली जुनी पद्धत. टेबल-खुर्च्यांना ती चालते, कारण किती खुर्च्या लागणार हे आधीच माहीत असते. क्लाउडच्या निविदेत यंत्राचा दर, साठवणुकीचा दर, बॅकअपचा दर, माहिती बाहेर नेण्याचा दर अशा कितीतरी ओळी असतात, आणि प्रत्येकीपुढे कार्यालयाने अंदाजे प्रमाण भरलेले असते. अनुभवी निविदाकार ते अंदाज आधी वाचतो. जिथे प्रमाण मोठे दाखवले आहे तिथे तो दर पाडतो. जिथे ते किरकोळ दाखवले आहे, पण पुढे वाढणार हे त्याला ठाऊक असते, तिथे तो दर चढवतो. बेरीज कमी येते आणि काम त्याला मिळते. मी पाहिलेल्या एका तक्त्यात माहिती बाहेर नेण्यापुढचे प्रमाण इतके कमी होते की त्या दराचा बेरजेवर काही परिणामच होत नव्हता. करार संपला, कार्यालयाला दुसरीकडे जायचे होते, तेव्हा साठलेली सगळी माहिती त्याच दराने बाहेर काढावी लागणार होती. शिवाय स्थलांतराच्या मदतीचे मनुष्यदिवस वेगळे. फाइल फिरली आणि शेवटी मुदतवाढ दिली गेली. पुढच्या वर्षी पुन्हा मुदतवाढ. कागदोपत्री स्पर्धा झालेली, प्रत्यक्षात तीच कंपनी बसलेली.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत बाहेर पडण्याच्या व्यवस्थापनाचा उल्लेख आहे. मी तपासलेल्या निविदांतही तो असायचा, एका परिच्छेदापुरता. ‘करार संपताना सेवा पुरवठादार आवश्यक ते सहकार्य करेल.’ सहकार्य किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात, कोणाच्या खर्चाने, यावर एक शब्द नाही. ज्या कलमाला दर नाही आणि दंड नाही, त्यावर कोषागारात वसुली लावता येत नाही.

जगात इतरांना हीच ठेच लागली आणि त्यांनी नियम केले. युरोपीय संघाचा डेटा कायदा 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. त्यानुसार 12 जानेवारी 2027 नंतर ग्राहक एका क्लाउडवरून दुसरीकडे जाताना कंपनीला त्यासाठी शुल्क घेता येणार नाही. हा कायदा लागू होणार हे दिसताच 2024 च्या पहिल्या तीन महिन्यांत गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना माहिती बाहेर नेण्याचे शुल्क माफ केले. पण ती सवलत मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. आपल्याकडे तर कार्यालय आणि क्लाउड कंपनी यांच्या मध्ये बहुतेक वेळा एखादी एजन्सी असते, आणि देयक तिचे असते. कंपनीने दिलेली कोणतीही सवलत सरकारपर्यंत पोहोचवणे एजन्सीवर बंधनकारक राहील, ही ओळ निविदेत घालायला काय खर्च येतो? ब्रिटनमध्ये 2012 पासून ‘जी-क्लाउड’ ही चौकट आहे. तिथे प्रत्येक पुरवठादाराचे दरपत्रक कोणालाही उघडून वाचता येते. आपले दोन विभाग एकाच सेवेसाठी वेगळे दर देत असतील, तर ते दोघांनाही कळायला हवे, आणि त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायची वेळ येऊ नये.

बाहेर पडण्याची तयारी फक्त पैशासाठी नाही. जुलै 2025 मध्ये गुजरातमधल्या वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची मालक असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. कारण होते युरोपीय संघाने लादलेले निर्बंध. कंपनी भारतात, पैसे भरलेले, तरीही स्वतःची कागदपत्रे आणि ईमेल हाती येईनात. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. माहितीचे केंद्र भारतात असावे, ही सूचीबद्धतेची अट अशा वेळी कामाला येत नाही. कळ कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

यावर काही जण म्हणतात, मग सगळे आपल्याच सर्व्हरवर ठेवा. त्यांनी दक्षिण कोरियाकडे बघावे. 26 सप्टेंबर 2025 रोजी डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांचा सामायिक साठा असलेली ‘जी-ड्राइव्ह’ त्यात जळाली आणि 858 टेराबाइट माहिती गेली, कारण तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवलेलीच नव्हती. डेटा सेंटर सरकारचे होते, इमारत सरकारची होती, देशही तंत्रज्ञानात आपल्यापुढे. माहिती दुसऱ्या जागी उतरवून चालू करून बघायची तालीम केलेली नसेल, तर मालकी कोणाची याने काही फरक पडत नाही.

म्हणून पहिली मागणी तालमीची. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, माहितीचा पूर्ण संच दुसऱ्या पुरवठादाराच्या किंवा राज्याच्या डेटा सेंटरच्या यंत्रावर उतरवायचा आणि काम चालते का ते बघायचे. या तालमीचा खर्च निविदेतच दर लावून मागायचा आणि बाहेर पडण्याच्या खर्चासह तो तुलनात्मक तक्त्याच्या बेरजेत धरायचा. तालीम झाली नाही तर त्या तिमाहीचे देयक थांबवायचे. एकदा ही अट आली की दर पाडून आत शिरायचे आणि सोडताना वसूल करायचे, हा हिशेबच बसणार नाही.

दुसरी गोष्ट वित्त विभागाच्या हातातली. आपल्या अर्थसंकल्पात ‘06 – दूरध्वनी, वीज व पाणी देयके’ हे वेगळे उद्दिष्ट, म्हणजे खर्चाचे शीर्ष, आहे आणि ‘17 – संगणक खर्च’ हे वेगळे. क्लाउडचे देयक वापरावर येते, म्हणजे स्वरूपाने ते विजेच्या देयकाजवळचे. पण ते बसते संगणक खर्चात, नव्या प्रिंटरच्या आणि कार्ट्रिजच्या शेजारी. त्यामुळे राज्य सरकार वर्षाला क्लाउडवर किती खर्च करते, हा आकडा त्या उद्दिष्टातून वेगळा काढताच येत नाही. वापर वाढला की तरतूद अपुरी पडते आणि देयके तुंबतात. उलट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी व्यपगत होऊ नये म्हणून पुढच्या वर्षाचा क्लाउड आगाऊ घेण्याचे प्रस्ताव येतात. गरज नसताना कोषागारातून रक्कम काढायची नाही, हे महाराष्ट्र कोषागार नियम, 1968 मधले तत्त्व प्रत्येक आहरण व संवितरण अधिकाऱ्याला पाठ असते. तरी दर मार्चला त्याच्यावर हा दबाव असतो. क्लाउडला स्वतंत्र उद्दिष्ट द्या, मासिक मर्यादा ठरवा, मर्यादेच्या ऐंशी टक्क्यांवर वापर गेला की अधिकाऱ्याच्या मोबाइलवर संदेश जाईल अशी सोय करारात लिहून घ्या. ती सोय सगळ्या मोठ्या क्लाउडमध्ये आहेच, फक्त चालू करायची आहे.

निविदेतल्या उलाढालीच्या अटीबद्दलही थोडे. नागपूरच्या आयटी पार्कमध्ये आणि मिहानमध्ये देयक वाचू शकणारी, यंत्रे सांभाळू शकणारी मुले आहेत. क्लाउड मोठ्या कंपनीचाच असेल, पण तो सांभाळायच्या आणि तपासायच्या कामासाठी शेकडो कोटींची उलाढाल कशाला लागते? ते काम वेगळे काढून स्थानिक छोट्या कंपन्यांना मिळू द्या. पुरवणारा आणि तपासणारा एकच नसला, तर चाचणीची यंत्रे 744 तास चालत राहणार नाहीत.

आणि पोलीस ठाण्यांची बाब तर सगळ्यांत नाजूक. क्लाउडचा करार काही वर्षांचा असतो. गुन्हा मात्र सत्र न्यायालयातून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात जाईपर्यंत पंधरा-वीस वर्षे सहज जातात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या नोंदीचा डिजिटल ठसा, नमूद करावी लागते. करार संपून पुरवठादार बदलल्यावर बारा वर्षांनी आरोपीचा वकील उभा राहील. ही नोंद तीच कशावरून, तेव्हा प्रणालीने तपास अधिकाऱ्याला काय सुचवले होते, असे तो विचारेल. त्याचे उत्तर सरकारकडे, सरकारच्या ताब्यातल्या आणि कोणत्याही यंत्रावर उघडणाऱ्या स्वरूपात असले पाहिजे. नाहीतर भोगेल तो फिर्यादी.

ही प्रणाली 1,100 ठाण्यांत पोहोचण्याआधी गृह विभागाने नागपूरच्या 23 ठाण्यांची माहिती एकदा अझूरबाहेर उतरवून दाखवावी. त्यासाठी व्हीएनआयटी आहे, ट्रिपल आयटी आहे, एसटीपीआयचे केंद्र आहे, सगळे याच शहरात. किती तास लागले, किती खर्च आला, कोणत्या फाइली उघडल्या नाहीत, याचा अहवाल करारातल्या बाहेर पडण्याच्या अटींसह नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात पटलावर ठेवावा, आणि विदर्भातल्या आमदारांनी तो मागून घ्यावा.